वाळत घातलेली बायोप्सी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पोहे भाजत होते. त्यांनी विचारलं, "सिस्टर, नोकरीची शेवटची वर्षं तुम्ही नेमक्या कोणत्या विभागात होता?" मी म्हटलं, "म्हाताऱ्या पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचे सुईनं तुकडे काढतात त्या खोलीत." पलीकडं इतका वेळ शांतता की मला वाटलं रेंज गेली. मग ते म्हणाले, "लिहा. पण आपला अंक घरात सगळे वाचतात, तेवढं लक्षात असू द्या."

सगळे वाचतात म्हणूनच तर लिहायला बसले. वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना ही ग्रंथी आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना ती आहे हे पन्नाशीपर्यंत माहीतच नसतं.

मी बिसेन सिस्टर. माहेर आमगावकडचं, सासर गोंदिया. नोकरीची पहिली बरीच वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात गेली आणि शेवटची बारा-तेरा सोनोग्राफीच्या शेजारच्या त्या लहानशा खोलीत. आधी बायकांचं ओरडणं ऐकलं, मग पुरुषांचं. पुरुष जास्त ओरडतात, आणि तेही सुई टोचायच्या आधी.

काम काय, ते आधी सांगते. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली आवळ्याएवढी गाठ. देवानं सगळ्यांना दिलेली, आजार नव्हे. वय वाढलं की ती बहुतेकांची थोडीफार वाढते, लघवीला वेळ लागतो, रात्री उठावं लागतं. त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण काहींच्या ग्रंथीत कॅन्सर धरतो, आणि तो सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, काहीच करत नाही. रक्ताची पीएसए नावाची तपासणी असते. तो आकडा वाढलेला दिसला की शंका येते. शंकाच, खात्री नव्हे, कारण साध्या सुजेनंही तो वाढतो. खात्री करायची तर ग्रंथीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्याला बायोप्सी म्हणतात.

आता ग्रंथी आहे पोटाच्या तळाशी, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सोनोग्राफीची बोटभर जाडीची नळी शौचाच्या वाटेनं आत सरकवायची, पडद्यावर ग्रंथी बघायची, आणि बघत बघत सुई मारायची. रुग्णानं डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, डॉक्टरांकडं पाठ करून झोपायचं. हे सगळं एखाद्या पाटलाला किंवा सरपंचाला समजावून सांगायचं काम माझं.

त्या नळीवर दर वेळी नवीन निरोध चढवावा लागतो, स्वच्छतेसाठी. आमच्या स्टोअरमध्ये ते कुटुंबनियोजनाच्या खात्यातून मिळायचे. पन्नाशी उलटलेली मी दर सोमवारी खिडकीशी उभी राहून डझनभर मागायची. नवीन आलेल्या स्टोअरकीपरनं दोन आठवडे माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "मॅडम, साहब की तबीयत ठीक है ना?" साहेब म्हणजे माझे यजमान. मी त्याला हाताला धरून खोलीत आणलं आणि मशीन दाखवलं. त्यानंतर तो स्वतः पाकीट पोचवायला लागला.

सुईची एक बंदूक असते. खटका दाबला की सुई डोळ्याचं पातं लवायच्या आत जाऊन तुकडा घेऊन परत येते. दुखतं फारसं नाही, बधिर केलेलं असतं. पण आवाज मोठा, खट् असा. माणसं दुखण्यापेक्षा त्या आवाजानं उडायची. म्हणून मी आमच्या डॉक्टरांना सवय लावली होती की पेशंट झोपला की आधी दोनदा हवेत खटका मारायचा आणि म्हणायचं, "आजोबा, हा आवाज. दुखलं का? नाही ना?" डॉक्टर साताऱ्याकडचे, तरुण, हात फार हलका. पण त्यांचं बोलणं इकडच्या माणसाला पुस्तकातलं वाटायचं आणि इकडच्या माणसाचं त्यांना भांडल्यासारखं. दोघांच्या मधे मी.

देवरीकडचे एक वनरक्षक आले होते. आडदांड, मिशा पिळलेल्या. कुशीवर झोपायलाच तयार नाहीत. म्हणाले, "सिस्टर, जंगलात एवढी वर्षं काढली, पन मी कोनाले पाठ दाखवली नाही. अस्वलाले बी नाही." मग मी स्टीलचा चकाकता ट्रे त्यांच्या तोंडासमोर धरला, म्हटलं, "घ्या, यात मागचं दिसते." त्यांनी ट्रेमध्ये निरखून बघितलं, डॉक्टरांच्या हातातली नळी दिसली, आणि डोळे गच्च मिटून म्हणाले, "राहू द्या जी. अस्वल बरं."

सौंदडचे एक निवृत्त मुख्याध्यापक बारा सुया मोठ्यानं मोजत होते. सातवीनंतर डॉक्टर क्षणभर थांबले तर म्हणाले, "आठवी राहिली." बाहेर पडताना डॉक्टरांना दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले ते नळी थंड होती म्हणून. त्या दिवसापासून मी जेली कोमट पाण्यात ठेवायला लागले.

असे किती सांगू. पण ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळेच.

हिरालालजी पटले, आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातले. आमच्याकडं वडीलधाऱ्या सगळ्यांना काकाजीच म्हणतात, मीही तेच म्हणायची. वय अडुसष्ट, सडसडीत, खांद्यावर दुपट्टा, बोलणं मोजकं. घरची धानाची शेती थोडी, पण ओळख वेगळी. गोंदियाच्या धान बाजारात एका अडत्याकडं ते चाळीस वर्षं माल पारखायचं काम करत होते. पोत्यात खुपसायची टोकदार, पन्हळी सळई असते, तिला परखी म्हणतात. पोतं न सोडता ती आत घालायची, फिरवून काढायची, की मुठीत आतलं धान येतं. काकाजी ते तळहातावर घेत, दोन दाणे दाताखाली धरत आणि सांगत, माल कोणता, किती ओला, किती पोचट. त्यांनी नाही म्हटलेलं पोतं त्या बाजारात दुसरं कोणी घेत नसे.

पीएसए असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त होता. सोबत काकीजी होत्या, म्हणजे त्यांची मंडळी. खुर्चीत बसल्या बसल्या काकाजींनी एकच सांगितलं.

"सिस्टरबाई, माझा थोरला भाऊ यानंच गेला. कमर दुखून राहिली, कमर दुखून राहिली म्हनत होता. आमी तेल चोळत राहिलो. डॉक्टरकडे नेला तवा हाडात गेलं होतं. मले बाकी काही नको. येवढं सांगा, दादासारखं झालं का अजून टाइम हाये."

त्यांचा आवाज हलला नाही, पण दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मी जास्त बोलते, हा माझा स्वभाव. त्यांना धीर यावा म्हणून मी म्हटलं, "काकाजी, घाबरायचं काय त्यात? हे तर तुमचंच काम. पोतं न सोडता आतलं सॅम्पल काढायचं. आमची परखी जरा बारीक, एवढंच."

त्यांचा चेहरा खुलला. एकदम धंद्यातला माणूस होऊन त्यांनी विचारलं, "किती जागी मारता?"

"बारा."

"एका पोत्यात बारा?" ते काकीजींकडं वळले. "कडक मार्केट हाये यांचं."

बायोप्सी छान झाली. काकाजींनी हूं की चूं केलं नाही. उलट प्रत्येक सुईनंतर "कसा निंगाला?" म्हणून विचारत होते. तुकडे दिसायला तुटक्या शेवईसारखे, पांढुरके, पेराएवढे. ग्रंथीच्या कोणत्या भागातला कोणता तुकडा हे कळावं म्हणून प्रत्येकाची वेगळी बाटली, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर क्रमांक. बाटलीत फॉर्मेलिन असतं. दिसायला पाण्यासारखं, वास असा की नाकाडोळ्यांत झोंबतो. तुकडे त्यात टिकतात.

हे तुकडे तपासायला नागपूरच्या प्रयोगशाळेत जायचे, आणि न्यायचे कोणी तर नातेवाइकांनी. आमच्या भागात हीच पद्धत. मी बारा बाटल्या पिशवीत घालून काकाजींच्या हातात दिल्या. "सांभाळून न्या, सांडू नका, सोमवारी सकाळी पोचवा." तो शनिवार होता. मी माझ्या मते सगळं सांगितलं होतं.

मंगळवारी नागपूरहून प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंचा फोन. "सिस्टर, तुमच्याकडून बारा पुड्या आल्यात."

"बाटल्या," मी म्हटलं.

"बाटल्या नाहीत, पुड्या. वर्तमानपत्राच्या. प्रत्येकीवर नंबर आहे, दोऱ्यानं बांधल्यात. आत सुकलेलं काहीतरी आहे. काय आहे ते, उदबत्ती?"

मी लगेच काकाजींना फोन लावला. त्यांनी शांतपणे, जरा अभिमानानंच सांगितलं. घरी जाऊन त्यांनी बाटल्या उघडून बघितल्या होत्या. सॅम्पल पाण्यात बुडालेलं, वर असा उग्र वास. माल सडायला लागला, हे त्यांच्या नाकानं तिथंच ठरवलं. चाळीस वर्षांत त्यांनी ओलं सॅम्पल कोणाच्या समोर ठेवलं नव्हतं. बाजारात ओला माल आला की एकच वाक्य, गीला माल वापस. मग त्यांनी रविवारी अंगणात स्वच्छ पांढरं कापड अंथरलं, बारा तुकडे क्रमानं ओळीत ठेवले, कोंबड्या येऊ नयेत म्हणून काठी घेऊन दिवसभर शेजारी बसले, आणि कडक वाळल्यावर पुड्या बांधल्या.

"एक बी नंबर इकडचा तिकडं नाही होऊ देला," ते म्हणाले.

नव्हताच झाला. पण वाळलेल्या तुकड्यातल्या पेशी आक्रसून जातात, मग त्यांच्याकडं बघून कोणाला काही सांगता येत नाही. तरी प्रयोगशाळेनं दोन दिवस खटपट केली. निष्कर्ष काढता येत नाही, असं लिहून आलं.

डॉक्टरांना सांगितलं तर आधी त्यांना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "सिस्टर, त्या माणसाला आता परत बारा सुया घ्यायला कसं बोलवायचं?"

मला हसू आलं नाही. चूक काकाजींची नव्हतीच. परखी, सॅम्पल, पोतं हे सगळं मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं. इतकी शहाणी मी, उपमा दिली आणि खूश झाले. बाटलीतलं पाणी पाणी नसून औषध आहे, हे एक वाक्य तेवढं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी बाटल्यांवर लावायला मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहून घेतल्या: "हे औषध आहे. ओतू नये. वाळवू नये." निवृत्त होईपर्यंत त्या चिठ्ठ्या लावत होते. प्रयोगशाळेत त्यावर बरीच वर्षं चेष्टा चालायची, मी चालू दिली.

काकाजींनी परत यायला साफ नकार दिला. फोनवर म्हणाले, "नाही जी. सॅम्पल एकडाव देल्लं. परत मांगनं म्हनजे मालावर शक. आमच्या बाजारात दुसऱ्यांदा सॅम्पल मांगितलं का माणूस पोतं उचलून घरी जाते." मग फोन काकीजींनी घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टरबाई, शक-बिक काही नाही. लाज वाटून राहिली त्याईले. ज्यानं जिंदगीभर माल पारखला, त्यानं सोताचाच माल खराब केला म्हनून जेवून नाही राहिले. आन रात्रंदिवस कमरेवर हात ठेवून पाह्यते, दुखते का म्हनून."

हे ऐकल्यावर मला खोलीत बसवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून मी धान बाजारात गेले.

बायका तिथं फारशा जात नाहीत. हमालांनी वाट दिली. काकाजी शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीसमोर उभे होते, हातात परखी. मला बघून त्यांनी मान खाली घातली, पण काम थांबवलं नाही. मी एका पोत्यावर बसून बघत राहिले. एका मागोमाग एक पोत्यात परखी जायची, धान तळहातावर यायचं, काकाजी मान हलवायचे, हमाल पोतं उचलायचा. एका पोत्यातून त्यांनी धान काढलं, बघितलं, चांगलंच होतं. पुढं जायला निघाले, हमालानं पोतं उचललं, तसे थांबले. हमालाला म्हणाले, "याले आडवं कर." पोतं आडवं केलं. काकाजींनी दुसऱ्या बाजूनं, तळाच्या कोपऱ्यातून परखी घातली. बाहेर आलं ते काळपट, ओलं, एकमेकांना चिकटलेलं धान.

"काकाजी," मी विचारलं, "पहिलं सॅम्पल तर बेस होतं. मग दुसऱ्यांदा काऊन घेतलं?"

"वजन," ते म्हणाले. "हमालानं उचललं तवा त्याची मान पाह्यली मी. सुक्या मालानं एवढी मान वाकत नाही. वरून माल कितीबी चांगला दिसो जी, वजन जास्त भरलं का आत काहीतरी हाये."

"आणि शेतकऱ्यावर शक घेतला म्हणून तो पोतं उचलून घरी गेला नाही?"

मी पर्समधून त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट काढला, पीएसएच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे तुमचं वजन. हे जास्त भरून राहिलं. तुमच्यावर शक नाही जी, पोत्यावर आहे. आणि पहिलं सॅम्पल तुम्ही नाही, मी खराब केलं. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

त्यांनी दुपट्ट्यानं हात पुसले, हमालाला म्हणाले, "पानी आन बाईसाठी." मी पाणी प्यायले. जाताना त्यांनी विचारलं, "कवा येऊ?"

लगेच मात्र करता येत नव्हतं. आतल्या जखमा भरायला काही आठवडे द्यावे लागतात. तेवढ्यात पीएसए परत केला, तो आणखी वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, या वेळी आधी एमआरआय काढू. याचं कारण सांगते. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातला कॅन्सर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून तर ग्रंथीचे भाग पाडून बारा ठिकाणी सुई मारायची, कुठंतरी लागेल या हिशोबानं. एमआरआयमध्ये मात्र संशयाची जागा वेगळी दिसते. मोठ्या शहरांत अशी यंत्रं आहेत की एमआरआयचं चित्र आणि सोनोग्राफीचं चित्र पडद्यावर एकावर एक बसवतात आणि सुई नेमकी त्या जागी नेतात. आमच्याकडं तेव्हा ते यंत्र नव्हतं. आमचे डॉक्टर एमआरआयची फिल्म शेजारी उजेडात लावायचे, दहा-दहा मिनिटं तिच्याकडं बघत बसायचे, आणि दोन्ही चित्रं डोक्यातल्या डोक्यात जुळवायचे. त्या वेळी खोलीत कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

एमआरआयचं मशीन भयंकर ठोकाठोक करतं, भले भले अर्ध्यातून बाहेर काढा म्हणतात. काकाजी त्यात झोपी गेले. उठवावं लागलं. म्हणाले, "राइस मिलच्या बाजूले जिंदगी गेली. आवाज बंद झाला का जाग येते मले."

फिल्ममध्ये डाग होता. ग्रंथीच्या अगदी पुढच्या अंगाला, लहान, करड्या रंगाचा. डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं. "सिस्टर, आपण सुया मागून मारतो. इथपर्यंत त्या जेमतेम पोचतात. ते तुकडे वाळले नसते तरी कदाचित सगळे चांगलेच आले असते, आणि आपण त्यांना काही नाही म्हणून घरी पाठवलं असतं." कदाचितच. ते तुकडे काय सांगणार होते हे आता कोणालाच कळणार नाही. पण हे ऐकल्यावर मी बाहेर जाऊन पाच मिनिटं जिन्यात उभी राहिले. रडू येत होतं की हसू, ते माझं मलाच समजत नव्हतं.

या वेळी वाट वेगळी होती. सोनोग्राफीची नळी नेहमीच्याच जागी, पण सुई त्या वाटेच्या जरा पुढच्या कातडीतून, दोन मांड्यांच्या मधून. तिथून ग्रंथीचा पुढचा भाग सरळ सापडतो आणि जंतुसंसर्गाची भीतीही कमी. फक्त रुग्णानं उताणं झोपून दोन्ही पाय वर टांगून ठेवायचे असतात. काकाजींनी ती व्यवस्था बघितली आणि म्हणाले, "हे तर बाळंतिनीचं टेबल हाये जी." मी म्हटलं, "होय. इतकी वर्षं तिकडंच काढली मी. तुम्ही काही वेगळं करणार नाही." ते हसले तेव्हा पोट हललं आणि डॉक्टरांनी मला डोळ्यांनी दटावलं. मग खोली शांत झाली. डॉक्टर फिल्मकडं बघत, पडद्याकडं बघत, परत फिल्मकडं. सुई हळूहळू पडद्यावर पुढं सरकली, डागाच्या जागेपाशी थांबली. खट्. काकाजींनी विचारलं नाही कसा निघाला म्हणून. डोळे मिटून पडून होते, ओठ हलत होते.

त्या जागेतून तीन तुकडे घेतले आणि बाकी नेहमीचे. बाटल्या बंद करून मी पिशवी काकीजींकडं दिली, आणि हात मागं घेता घेता परत घेतली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मीच नागपूरला निघाले. गाडीत पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. तिरोड्याला चढलेल्या एका बाईनं विचारलं, "लोणचं आहे का?" मी हो म्हटलं. तुमसरपर्यंत ती कोणत्या आंब्याचं म्हणून विचारत होती.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. पाकीट माझ्या टेबलावर आलं, ते उघडायचा मला अधिकार नव्हता. मी उघडलं. पुढच्या डागातल्या तिन्ही तुकड्यांत कॅन्सर होता. बाकीच्यांत नव्हता. डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन आधीच करून घेतला होता, तो स्वच्छ होता. म्हणजे जे होतं ते ग्रंथीच्या आतच, पुढच्या कोपऱ्यात बसलेलं.

काकाजी आणि काकीजी आत आले. डॉक्टरांनी पुस्तकी मराठीत नीट, सावकाश सांगायला सुरुवात केली. कॅन्सर हा शब्द आला आणि काकीजींनी पदर तोंडाला लावला. पुढचं त्यांना ऐकू गेलं नाही. काकाजी मात्र डॉक्टरांकडं बघतच नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी खुर्ची ओढून समोर बसले.

"काकाजी, सापडला. आहे तो. पण दादांसारखं नाही. हाडात गेला नाही, कुठंच गेला नाही. टाइम आहे."

"पुरा टाइम?"

"पुरा."

त्यांनी डॉक्टरांकडं वळून विचारलं, "सिस्टरबाई खरं सांगून राहिली?" डॉक्टरांनी मान हलवली. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते साताऱ्याकडचे, दाखवणार नाहीत.

पुढं नागपूरला काकाजींनी किरणांचे शेक, म्हणजे रेडिएशन, घेतले, न चुकता, सगळे. पीएसए खाली आला तो आजवर खालीच आहे. मागच्या हंगामात मला त्यांच्याकडून नवीन तांदूळ आला, स्वतः पारखलेला. त्यांचे शेक झाल्यापासून गोरेगावकडचे लघवीची तक्रार घेऊन येणारे पुरुष आमच्या खोलीत येताना लाजेनासे झाले. यायचे तेच मुळी "पटलेजींनी पाठवलं" म्हणत.

पण मला जास्त आठवतं ते रिपोर्ट सांगितला त्या दिवशी केबिनच्या बाहेर घडलेलं. काकीजी बाकावर बसून पदरानं डोळे पुसत होत्या. काकाजी उभेच होते, भिंतीवरची विभागांची पाटी वाचत. मग त्यांनी मला विचारलं, "सिस्टरबाई, इथं दाताचा डॉक्टर कुठं बसते?"

मी घाबरले. म्हटलं, "काय झालं? दात दुखतो?"

"नाही जी. दुखायला दात कुठं राह्यले?" त्यांनी तोंड उघडून दाखवलं, मागचे सगळे गेलेले. "दादा गेला तवापासून ही म्हनून राहिली, कवळी बसवा, कवळी बसवा. मी म्हनत होतो, कितीक दिवसासाठी बसवू?"

काकीजी पदर खाली घेऊन त्यांच्याकडं बघायला लागल्या.

मी सांगितलं, दुसरा मजला, डावीकडं तिसरी खोली. लिफ्ट समोरच होती. काकाजींनी तिच्याकडं बघितलंही नाही, काकीजींचा हात धरला आणि जिन्यानं वर निघाले.